घरच्या पवनचक्कीची प्रगती: अर्थिंग, ब्रेक आणि डंप लोड

साताऱ्याच्या पठारावरील शेतघरासाठी उभारलेल्या १ किलोवॉटच्या पवनचक्कीचे यांत्रिक काम संपले असून सध्या विद्युत सुरक्षेचे काम सुरू आहे. जनित्र कायम चुंबकाचे व तीन फेजचे आहे आणि त्याची वीज एसीचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून ४८ व्होल्टच्या बॅटरी संचात जाते.

सुरुवात अर्थिंगपासून केली. अर्थिंगच्या आयएस ३०४३ या भारतीय मानकानुसार जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा इलेक्ट्रोड किमान २.५ मीटर लांब हवा. परंतु येथे थोड्याशा मुरुमाखाली काळा पाषाण लागतो, त्यामुळे एकट्या पाइपचा रोध ४० ओहमच्या आसपास आला. अशा जमिनीत खोल जाण्यापेक्षा आडवे पसरणे शहाणपणाचे ठरते, म्हणून अर्धा मीटर खोल चरात १५ मीटर लांबीची जीआय पट्टी गाडून ती पाइपला जोडली, तेव्हा रोध १० ओहमच्या खाली आला. मनोरा, ताणाच्या तारांचे खुंट आणि घराचे अर्थिंग हे सर्व एकमेकांना जोडले आहे, कारण वीज पडल्यास वेगवेगळ्या अर्थिंगमधील व्होल्टेजचा फरकच उपकरणे जाळतो.

पवनचक्कीचे खरे वेगळेपण तिच्या स्विचमध्ये आहे. सौर पॅनेलचा स्विच उघडला की प्रवाह थांबतो आणि पॅनेलला काही होत नाही. पवनचक्कीचा भार काढला तर मात्र पाती मोकळी सुटतात, वेग वाढतो आणि त्याबरोबर व्होल्टेजही चढते. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते हे लक्षात घेतले की धोक्याची कल्पना येते. म्हणून तिन्ही फेज शॉर्ट करणारा ब्रेक स्विच आधी आणि बॅटरीचा आयसोलेटर (बॅटरी वेगळी करणारा स्विच) नंतर, हा क्रम पॅनेलवर मराठीत ठळक लिहून लावला आहे. ब्रेकही शक्यतो वारा मंदावल्यावरच लावावा, कारण सोसाट्याच्या वाऱ्यात तो पाती रोखू शकेलच असे नाही आणि जनित्राची वेटोळी तापतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेतील ६९४ वे प्रकरण पवनचक्क्यांसाठीच आहे. ते आपल्याकडे बंधनकारक नाही. परंतु डंप लोडच्या, म्हणजे जास्तीची वीज उष्णतेत घालवणाऱ्या भाराच्या, तारा आणि फ्यूज हे त्याकडे वीज वळवणाऱ्या कंट्रोलरच्या कमाल प्रवाहाच्या किमान १५० टक्के क्षमतेचे असावेत, हा तेथील दंडक मी पाळला आहे. बॅटरी भरल्यावर पवनचक्कीला आवरणारा तोच एक भार असतो. बॅटरीच्या बाजूला केवळ डीसीसाठीचेच ब्रेकर बसवले आहेत, कारण एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येत असल्याने त्याची ठिणगी विझते, डीसीची तशी विझत नाही.

आता महावितरणची वीज आणि इन्व्हर्टर यांमध्ये मधोमध बंद स्थिती असलेला दोन पोलचा चेंजओव्हर स्विच बसवायचा आहे, म्हणजे लाइन बंद करून खांबावर चढलेल्या वायरमनपर्यंत आपली वीज कधीही पोहोचणार नाही. त्यानंतर कंट्रोलर व इन्व्हर्टर सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने घरातील वायरिंगचे इन्सुलेशन तपासायचे आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून चाचणी अहवाल घ्यायचा. तोपर्यंत ब्रेक लावलेलाच राहील.