चिखलदऱ्याचा उन्हाळी मुक्काम: तंबूआधी दुपारचा हिशेब

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, वखरणी आटोपल्यावर आणि रोहिणी नक्षत्र लागण्याआधी, मी आणि माझा धाकटा भाऊ चिखलदऱ्याजवळ दोन रात्रींच्या मुक्कामाला जाणार आहोत. दोघांत मिळून अडीच हजार रुपयांच्या वर खर्च करायचा नाही, हे सुरुवातीलाच ठरले आहे. उघड्यावरच्या मुक्कामाचा विषय निघाला की बहुतेकांची चर्चा तंबूपासून सुरू होते आणि तंबूपाशीच संपते. आमच्या भागात मात्र उन्हाळ्यातली रात्र कशीही निघते. खरी कसोटी सकाळी अकरापासून दुपारी साडेचारपर्यंतच्या वेळाची असते. म्हणून आम्ही तंबूचा विचार बाजूला ठेवला आणि जे काही पैसे आहेत ते सावली, पाणी आणि झोप यांवरच लावायचे ठरवले. आईचे मत अजूनही वेगळे आहे. "बाप्पा, घरी पंखा असून तिकडं उन्हात मराले काहून जाता?" हा तिचा प्रश्न कायम आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर आम्हा दोघांकडेही नाही.

जागेची निवड उंचीवरून झाली. आमचे गाव दर्यापूरच्या बाजूला, पूर्णेच्या खोऱ्यात आहे आणि चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरते, या हिशेबाने तिथे गावापेक्षा पाचएक अंश कमी धरायला हरकत नाही. गावात पारा ४४ वर असताना वर ३९ असेल, म्हणजे तेही ऊनच. पण रात्री मात्र अंगावर काहीतरी घ्यावे लागेल इतका फरक पडतो. चिखलदरा ज्या मेळघाटात येतो तो १९७३ साली देशात जाहीर झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. तिथल्या जंगलात मनाला येईल तिथे पाल ठोकता येत नाही आणि ठोकूही नये. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून प्राणी मोजण्याच्या उपक्रमाकडे भावाचा ओढा होता, परंतु तो वेगळ्या प्रकारचा आनंद आहे, त्याचे शुल्क वेगळे आहे आणि त्यात झोप नाही. शेवटी मावशीच्या ओळखीतल्या एका कुटुंबाच्या, गावाला लागून असलेल्या वावरात राहायचे नक्की झाले. त्यांना फोनवर आम्ही पहिला प्रश्न विचारला तो मे महिन्यात विहिरीला पाणी असते का, हा. मेळघाटातल्या कितीतरी गावांत उन्हाळ्यात टँकर येतो आणि तशा गावात हौसेखातर जाऊन पाण्याचे भांडे पुढे करणे मला योग्य वाटत नाही. विहिरीला पाणी आहे, असे त्यांनी सांगितल्यावरच पुढचे बोलणे झाले.

दुसरा प्रश्न झाडांचा होता. मेळघाटचे जंगल म्हणजे मुख्यतः सागाचे जंगल, आणि उन्हाळ्यात साग उघडाबोडका असतो. त्यामुळे जंगल आहे म्हणजे सावली असणारच, असे धरून चालता येत नाही. त्यातच मे महिन्यात आपल्या अक्षांशावर सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो आणि खोडाची म्हणून जी थोडी सावली पडते तीही बुंध्याशी गोळा होते. वर गच्च पाने असलेलेच झाड हवे, म्हणजे आंबा, जांभूळ, उंबर किंवा वड. त्या वावराच्या बांधावर दोन जुने आंबे आहेत आणि एक मोह. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये गळतात, तेव्हा त्यांच्या वासावर अस्वले येतात. मेपर्यंत हा बहर ओसरलेला असतो, तरी आम्ही आंबाच पसंत केला.

या आठवड्यातले मुख्य काम ताडपत्रीचे होते. घरी सोयाबीन झाकायची ताडपत्री आहे, तीच नेणार आहोत. अंगणात दोन बाजांना बांबू बांधून ती ताणून पाहिली. दुपारी दोनला तिच्याखाली बसल्यावर वरून ऊन नव्हते, परंतु तापलेल्या प्लॅस्टिकची धग डोक्यावर उतरत होती. मग आईचे एक जुने सुती पातळ तिच्या वर, साधारण हातभर अंतर ठेवून, वेगळ्या दोरीवर ताणले. वरचे कापड ऊन अंगावर घेते, मधल्या मोकळ्या जागेतून वारा वाहतो आणि खालची ताडपत्री तापतच नाही. खालून हात लावला तरी फरक कळत होता. आधी तळवा टेकवत नव्हता, नंतर निवांत टेकवता आला. पातळ टाकण्यापेक्षा शेडनेट आणावी असे भावाचे म्हणणे होते, पण फुकटच्या वस्तूने काम भागत असताना विकतची कशाला, या मुद्द्यावर तो लवकरच नमला.

ताडपत्रीच्या दोन कोपऱ्यांवरच्या कड्या निघून गेल्या आहेत. भोक पाडून दोरी ओवली तर पहिल्याच वावधनात, म्हणजे वादळी वाऱ्यात, ती फाटत जाईल. त्याऐवजी कोपऱ्यापासून चार बोटे आत ताडपत्रीखाली एक सागरगोटा ठेवायचा, वरून ताडपत्रीची गुंडी करायची आणि गुंडीच्या मानेभोवती दोरीचा फास आवळायचा. दोरी जितकी ओढावी तितका फास सागरगोट्याखाली घट्ट बसतो आणि ताडपत्रीला कुठेही छिद्र पडत नाही. गोल, गुळगुळीत आणि टणक असे काहीही चालते; धारेचा खडा मात्र चालत नाही, कारण तो आतून कापतो. खुंट्या बांबूच्या केल्या आहेत. तिथली जमीन मुरमाड निघाली तर त्या ठोकल्या जाणार नाहीत, म्हणून लोखंडी गजाचे चार तुकडे सोबत ठेवले आहेत.

पाण्यासाठी तालुक्याच्या बाजारातून जाड कापडाची एक छागल, म्हणजे पाणी गार करणारी पिशवी, घेतली. ती नवी असताना रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी लागते. धागे फुगले की गळती कमी होऊन नुसता पाझर उरतो आणि त्या पाझराची वाफ होताना आतले पाणी गार होते. हवा जितकी कोरडी तितके पाणी गार, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्याइतकी अनुकूल हवा छागलेला क्वचितच मिळत असेल. परंतु जे पाणी बाहेर उडून जाते ते पिण्याच्या हिशेबातून वजा करावे लागते. सकाळी भरून सावलीत वाऱ्याला टांगलेल्या छागलीतले जवळजवळ पाव पाणी संध्याकाळपर्यंत कमी झाले होते. म्हणून पिण्याचा मुख्य साठा झाकणाच्या कॅनमध्ये राहील आणि छागल फक्त गार पाण्यापुरती वापरू. माणशी रोज पाच लिटर पिण्याचे धरले आहे. आम्ही खारपाणपट्ट्यातले, म्हणजे जमिनीतले पाणीच खारट असलेल्या भागातले, असल्यामुळे पाणी मोजून वापरायची सवय वेगळी लावून घ्यावी लागली नाही. उन्हाचा त्रास जाणवला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढे औषध पुरते. साखरेची आणि मिठाची पुडी मोजूनच बांधली आहे. खिशात कांदा ठेवण्याच्या सल्ल्याला आमचा विरोध नाही, तो शेवटी दशमीबरोबर पोटातच जाईल.

स्वयंपाक करायचा नाही, हे मी ठामपणे ठरवले. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो, राखीव जंगलात आग पेटवणे हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे आणि वावर खाजगी असले तरी बांधापलीकडे वाळलेल्या पाचोळ्याचा थर असतो. आरावर भाजायच्या रोडग्यांचा बेत यामुळे बारगळला, याचे भावाला फार वाईट वाटले. दुधात भिजवलेल्या दशम्या, जवसाची चटणी, खारोड्या, कैऱ्या, गूळ आणि सातूचे पीठ इतके नेणार आहोत. गहू आणि डाळवा भाजून दळलेले सातू गुळाच्या पाण्यात कालवले की चूल न पेटवता दुपारचे जेवण होते. चहा चिखलदऱ्याच्या टपरीवर.

झोपण्याबाबत खर्चाचा सर्वांत चांगला मार्ग त्या कुटुंबानेच सुचवला: त्यांच्या दोन बाजा. जमिनीवर झोपणाऱ्याला रात्री मण्यार चावण्याचा धोका असतो आणि विंचवाचे भय वेगळेच. बाजेवर, मच्छरदाणीची कड चारही बाजूंनी सतरंजीखाली खोचून झोपले तर दोन्हींची धास्ती बरीच कमी होते. म्हणून जुनी, ठिकठिकाणी शिवलेली मच्छरदाणी न नेता दोन नव्या घेतल्या. जागा, बाजा आणि पाणी यांचे मिळून आठशे रुपये आम्ही देऊ केले आहेत; ते नको म्हणत आहेत, पण रक्कम बाजूला काढून ठेवली आहे. प्रवास एसटीने, अंजनगाव आणि परतवाडामार्गे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट असल्याने माझा प्रवास भावाच्या निम्म्या खर्चात होतो, आणि याच आधारावर फरकाच्या पैशांतून पन्हे त्याला पाजायचे की मी प्यायचे, हा वाद चालू आहे.

पहाटे पाचला निघून गाविलगड, दुसऱ्या दिवशी पंचबोल आणि देवी पॉइंट, आणि दहाच्या आत परत आंब्याखाली, असा दिनक्रम ठेवला आहे. भीमकुंडाचा धबधबा मेमध्ये कोरडा असतो, तो पावसाळ्यासाठी राखून ठेवला. दुपारनंतर ढग दाटले तर झाडाखाली थांबायचे नाही, ताडपत्री सोडून सरळ घराच्या पक्क्या खोलीत जायचे. विजेची सूचना देणारे दामिनी ॲप भावाच्या मोबाइलवर घेतले आहे. आता दोन कामे उरली आहेत: भर वाऱ्यात दुहेरी छत किती टिकते हे पाहणे आणि सगळे सामान दोन पाठपिशव्यांत बसवून त्यांचे वजन करणे. ताडपत्री एकट्याने उचलायला जड आहे, त्यामुळे परतवाड्याला गाडी बदलताना ती कोणी घ्यायची, हे वजन केल्यावर ठरेल.