नो बॉल आणि वाईड यात फरक काय?

हा प्रश्न आमच्या हौशी क्रिकेट लीगच्या नव्या सचिवांनी पहिल्याच बैठकीत विचारला होता. बारा संघांचे कप्तान समोर बसलेले. दोन क्षण कुणी काही बोललं नाही, मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच. त्यात मीही होतो. किंबहुना मी जरा जास्तच मोठ्याने हसलो असेन, कारण त्या खुर्चीत आधीची सहा वर्षं मी बसत होतो.

हे गृहस्थ मालवाहतुकीतले. कुठला ट्रक कुठे, किती वाजता, कोणता ड्रायव्हर सुट्टीवर, यात त्यांचं आयुष्य गेलेलं. मुलगा आमच्या लीगमध्ये खेळायचा, म्हणून ते मैदानावर यायचे आणि पेपर वाचत बसायचे. सचिव व्हायला कुणीच तयार नव्हतं. त्यांनी पेपरातून मान वर केली आणि अडकले.

मी स्वतः कीपर. वीस वर्षं स्टंपमागे वाकून गुडघ्यांची वाट लावून घेतलेली. ‘ज्याला खेळ कळतो त्यानेच खेळ चालवावा’ हे माझं ठाम मत होतं. एखाद्या मोठ्या लीगच्या प्रमुखपदी वकील किंवा मार्केटिंगवाला आला की आपण सगळे जे म्हणतो तेच मीही म्हणायचो: याने कधी बॅट हातात धरली आहे का?

त्यांच्या पहिल्या हंगामात एकही सामना पंच न आल्यामुळे रद्द झाला नाही. माझ्या सहा वर्षांत असे किती झाले ते मी मोजलं नव्हतं, पण त्यांनी जुन्या वह्या काढून मोजलं आणि बैठकीत अगदी साध्या सुरात सांगितलं: अकरा. पंचांचं मानधन सामना संपल्यावर तिथल्या तिथे मिळायला लागलं. आधी ते हंगाम संपल्यावर, ‘बघू, देऊ’ करत मिळायचं. पंच का यायचे नाहीत, याचं उत्तर तिथेच होतं. मला पंचांचे चुकलेले निर्णय तारीखवार आठवत होते, त्यांची थकबाकी मात्र कधी आठवली नाही. आणि आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. माझ्या काळात माझ्या जुन्या क्लबचे सामने सकाळच्या थंड वेळेतच का पडायचे, असं त्यांनी वेळापत्रकाकडे बघत विचारलं. मी मुद्दाम केलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

त्या सुमारास मी बास्केटबॉलचा इतिहास वाचत होतो (गुडघ्यांमुळे रविवारी घरी बसायची पाळी आली होती) आणि त्यात मला आमचीच गोष्ट मोठ्या अक्षरांत सापडली.

1946 साली अमेरिकेत जी लीग सुरू झाली, जिची पुढे एनबीए झाली, तिचे पहिले अध्यक्ष मॉरिस पोडोलॉफ. वकील माणूस, आणि त्याच वेळी ते आइस हॉकीची एक लीग चालवत होते. बास्केटबॉल त्यांना फारसं कळत नसे, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या कारकिर्दीत, 22 नोव्हेंबर 1950 रोजी, फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सना 19–18 असं हरवलं. पूर्ण सामन्याचा स्कोअर बरं का, पहिल्या क्वार्टरचा नव्हे. लेकर्सकडे जॉर्ज मायकन नावाचा सहा फूट दहा इंचांचा राक्षस होता. त्याच्या हाती चेंडू पडूच नये म्हणून पिस्टन्स चेंडू नुसता धरून उभे राहिले. लेकर्सच्या अठरा गुणांपैकी पंधरा एकट्या मायकनचे. शेवटच्या क्वार्टरमध्ये दोन्ही संघांचे मिळून चार गुण.

आता खेळ कळणाऱ्यांच्या नजरेने बघा. पिस्टन्सचं काय चुकलं? काहीच नाही, उलट फार हुशार डावपेच! मी प्रशिक्षक असतो तर मीही तेच केलं असतं. कीपरच्या डोक्यातही हाच किडा असतो, नियमात बसतंय ना, मग करा. पैसे मोजून आलेला माणूस पुढच्या वेळी येणार नाही, हे त्या हुशारीत कुठे बसतच नाही.

यावर तोडगा निघाला तो डॅनी बायझोनमुळे. सिराक्यूज नॅशनल्स संघाचे मालक, उंची पाच फूट सहा इंच, धंदा पिना पाडायच्या खेळाची जागा, म्हणजे बोलिंग अ‍ॅली चालवण्याचा. त्यांचा हिशेब दुकानदाराचा होता. बघायला मजा येते त्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण 120 वेळा बास्केटवर चेंडू मारतात. सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2880 सेकंद. भागिले 120. उत्तर 24. तेवढ्या सेकंदांत चेंडू मारा, नाहीतर तो समोरच्या संघाला द्या. 1954–55च्या हंगामापासून हा नियम आला आणि एका संघाची सरासरी 79.5 गुणांवरून 93.1 वर गेली. त्या हंगामाचं विजेतेपद सिराक्यूजनेच जिंकलं, यावर माझ्यासारखा माणूस लगेच भुवया उंचावेल, पण ते असो.

इथवर वाचून मी जवळजवळ पक्ष बदलला होता. खेळ न कळणारेच बरे, असं म्हणायला निघालो होतो. तेवढ्यात आमच्या सचिवांनी चेंडूंची खरेदी हातात घेतली.

आमच्याकडे प्रत्येक डावाला नवा चेंडू असायचा. हिशेब बघताना त्यांना दिसलं की सर्वांत मोठा खर्च चेंडूंचाच आहे. चाळीस षटकांनंतर चेंडू फुटत नाही, हरवत नाही, चांगला गोल असतो. मग दुसऱ्या डावाला तोच का नाही? पुढच्या रविवारपासून एका सामन्याला एकच चेंडू. पत्रक निघालं, सही, शिक्का.

ज्याने कधी क्रिकेट खेळलं आहे तो इथे कपाळावर हात मारेल. टॉस जिंकणारा आधी गोलंदाजी घेणार, नवा कोरा चेंडू स्विंग करणार, आणि नंतर मऊ पडलेल्या, चकाकी गेलेल्या चेंडूवर आरामात पाठलाग करणार. दुसऱ्या डावात ओपनिंग गोलंदाजाने काय करायचं, पीठ मळायचं? पण गंमत अशी की कप्तानांपैकी कुणी धड बोललंच नाही. ज्यांनी टॉस जिंकला ते खुश, ज्यांनी हरला ते नशिबाला बोल लावून मोकळे. मीही बोललो नाही. खरं सांगायचं तर मी वाट बघत होतो, माणूस तोंडावर आपटतो कधी.

बोलला तो स्कोअर लिहिणारा मुलगा. अकरावीत असेल. त्याने वही नेऊन सचिवांपुढे ठेवली. आठ सामने, आठही वेळा टॉस जिंकणाऱ्याने फील्डिंग घेतलेली, त्यातले सात जिंकलेले. सचिवांना स्विंग म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण आठांपैकी सात म्हणजे काय ते लगेच समजलं. त्यांनी त्या संध्याकाळी सहा ओपनिंग गोलंदाजांना फोन केले. दुसऱ्या रविवारी दोन चेंडू परत आले आणि पत्रकात एक ओळ होती: ‘मागील निर्णय चुकीचा होता.’ सहा वर्षांत माझ्या एकाही पत्रकात असं वाक्य नव्हतं.

चेंडूच्या बाबतीत त्यांनी केलेली चूक त्यांच्याहून फार मोठ्या माणसाने केलेली आहे. डेव्हिड स्टर्न 1984 ते 2014 एनबीएचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, होते. तेही वकीलच. पण 2006 पर्यंत बावीस वर्षं या खेळात मुरलेले, त्यांना कुणी बाहेरचा म्हणू शकलं नसतं. त्या वर्षी त्यांनी कातडी चेंडूऐवजी कृत्रिम धाग्याचा चेंडू आणला. प्रत्येक चेंडू अगदी एकसारखा, कागदावर सगळं उत्तम. खेळाडू म्हणाले, ओला झाला की निसटतो आणि बोटं कापतो. स्टीव्ह नॅशसारख्या, ज्याचं सगळं कसब बोटांत आहे, अशा खेळाडूची बोटं चिरली जायला लागली. खेळाडूंच्या संघटनेने तक्रार दाखल केली आणि 1 जानेवारी 2007 पासून जुना चेंडू परत आला. खेळाडूंना आधी नीट विचारायला हवं होतं, हे स्टर्नने मान्य केलं. बावीस वर्षं काचेच्या केबिनमधून सामने पाहूनही घामेजलेल्या तळहाताची माहिती तिथपर्यंत पोचत नाही. आणि ती त्यांनी स्वतः खेळून मिळवायला हवी होती असंही नाही. चारशेच्या वर तळहात त्यांच्याच लीगमध्ये होते.

मग खेळाडूलाच बसवा ना खुर्चीत? तेही झालं आहे, आणि तो खेळाडू म्हणजे 19–18 वाला जॉर्ज मायकन. 1967 साली एनबीएला टक्कर द्यायला एबीए नावाची लीग निघाली, तिचा पहिला कमिशनर तोच. त्याने लाल-पांढरा-निळा चेंडू आणला आणि लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण दिले. कल्पना त्याची स्वतःची नव्हती, आधीच्या एका बुडालेल्या लीगमध्ये ती येऊन गेली होती. पण ती उचलली कुणी बघा. जो आयुष्यभर बास्केटखाली उभा राहून गुण मिळवत आला, त्याने बुटक्यांसाठी दार उघडलं! एनबीएने हा नियम 1979–80 मध्ये घेतला आणि आज तो काढला तर खेळ ओळखूही येणार नाही. खेळ आतून कळणं म्हणतात ते हे.

त्याच मायकनचा दुसरा किस्सा मात्र असा. 1969 मध्ये ल्यू अल्सिंडर (पुढचा करीम अब्दुल-जब्बार) कॉलेजातून बाहेर पडला. एबीएने त्याला भुलवायला दहा लाख डॉलर्सचा चेक तयार ठेवला होता. मायकन तो खिशात घेऊन भेटीला गेला आणि तसाच परत घेऊन आला, पुढच्या फेरीत काढू म्हणून. पुढची फेरी झालीच नाही. अल्सिंडर एनबीएत गेला. 1976 साली एबीए मिटली तेव्हा तिचे चारच संघ एनबीएत सामावले गेले. खिशातून चेक कधी काढायचा हे बास्केटखाली शिकवत नाहीत. आमचे वाहतूकवाले सचिव पहिल्या दहा मिनिटांत काढून मोकळे झाले असते, असं मला वाटतं.

फुटबॉलचं उदाहरण तर माझ्या जुन्या मताला सरळ उताणं पाडणारं आहे. अमेरिकेची मेजर लीग सॉकर 1996 मध्ये सुरू झाली. तिथल्या लोकांना बरोबरी आवडत नाही असं गृहीत धरून त्यांनी बरोबरीच्या सामन्याला शूटआउट लावला: 35 यार्डांवरून पळत यायचं, पाच सेकंदांत गोल मारायचा. घड्याळ उलटं, शून्याकडे धावणारं. फुटबॉलवर खरं प्रेम करणारे लोक हे बघून कळवळायचे. हे सगळं काढून टाकलं कुणी? डॉन गार्बरने, 1999 साली कमिशनर झाल्यावर काही महिन्यांतच. आणि गार्बर आला कुठून? सोळा वर्षं अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये काढून. या खेळात पूर्ण परका. आपल्याला माहीत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने जे रोज येऊन ओरडतात त्यांचं ऐकलं.

पण ‘खेळाडूंना विचारा, प्रेक्षकांना विचारा’ एवढ्यावरही मला थांबता येत नाही. बेसबॉलमध्ये 2022 साली पिचरसाठी, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यासाठी, घड्याळ आणायचं (ठरावीक सेकंदांत चेंडू फेकायचाच) ठरलं तेव्हा समितीतल्या खेळाडूंच्या चारही प्रतिनिधींनी विरोधात मत दिलं. कमिशनर रॉब मॅनफ्रेड, पुन्हा वकीलच, तरीही पुढे गेले. 2023 मध्ये सामन्याची सरासरी वेळ 3 तास 4 मिनिटांवरून 2 तास 40 मिनिटांवर आली आणि बहुतेकांची कुरकुर बंद झाली. फरक एवढाच की त्यांनी ते आधी खालच्या लीगमध्ये वापरून बघितलं होतं. खेळाडूंचं ‘नाही’ आणि प्रत्यक्ष खेळलेले सामने, यांत त्यांनी सामन्यांवर विश्वास ठेवला. हेच मॅनफ्रेड 2020 साली वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे बेसबॉलच्या विजेतेपदाच्या, करंडकाला ‘धातूचा तुकडा’ म्हणून बसले होते आणि नंतर त्यांना माफी मागावी लागली. म्हणजे त्या करंडकासाठी माणूस काय काय सोसतो हे तोंडातून शब्द निघताना त्यांना जाणवलं नाही, आणि तरीही त्यांनी या खेळासाठी गेल्या काही वर्षांतला सर्वांत चांगला बदल केला. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा बसवायच्या, ते मला अजून जमलेलं नाही.

आमचे सचिव आता चौथ्या हंगामात आहेत. पेपर आणत नाहीत. स्कोअर लिहिणाऱ्याच्या मागे खुर्ची टाकून बसतात आणि त्याला छळतात. गेल्या रविवारी मला शेजारी बसवून म्हणाले, आज एलबी समजावून सांगा. मी दोन पाण्याच्या बाटल्या स्टंप म्हणून ठेवल्या, माझा बूट काढून फलंदाजाचा पाय केला आणि जमिनीवर काडीने रेघ ओढली. चेंडू रेषेत लागला, स्टंपवर जाणार होता, तर आउट. त्यांना पटलं. लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडला तर नॉट आउट, स्टंपवर जाणारा असला तरी.

“का?” ते म्हणाले. “स्टंपवर जाणारच होता ना?”

मी तोंड उघडलं. वीस वर्षं मी त्या बाजूला पडणाऱ्या चेंडूवर अपील करू नका म्हणून गोलंदाजांना ओरडत आलो आहे.

“नियम आहे तसा,” मी म्हणालो आणि बूट घालायला लागलो.