शेकडा एक मेंढी

मंगोल साम्राज्याविषयी वाचणारे बहुतेक जण लढायांपाशी थांबतात. मी गेली काही वर्षे त्याच्या वसुलीपाशी अडकलो आहे. कर किती, यापेक्षा तो कशात मोजला जातो यावर रयतेचे नशीब ठरते, असे माझे मत मंगोलियाचा इतिहास वाचताना पक्के होत गेले.

चंगीझ खानाचा मुलगा ओगेदेई खान १२२९ मध्ये गादीवर आला, तेव्हा मंगोल पशुपालकांसाठी नियम ठरला तो शेकडा एक असा: शंभर घोड्यांमागे एक घोडी, शंभर गुरांमागे एक गाय, शंभर मेंढ्यांमागे एक मेंढी. ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या ग्रंथात तर, खानाच्या रश्श्यासाठी दर कळपामागे दोन वर्षांचा एक मेंढा आणि शंभर मेंढ्यांमागे एक मेंढी त्या पशुपालकांच्याच तुकडीतल्या गोरगरिबांसाठी, असा हिशेब दिला आहे. हे वाचून मी थोडा वेळ थांबलो, कारण राजाचे जेवण आणि गरिबाचा वाटा एकाच दमात सांगणारा करनियम माझ्या वाचनात दुसरा नाही. मंगोलियात हिवाळ्यातल्या ज्या आपत्तीला ‘झुड’ म्हणतात, तिच्यात गवतावर बर्फाचा असा कडक थर बसतो की जनावरांना तो खुरांनी फोडता येत नाही आणि कळपच्या कळप उपासमारीने मरतात. जनावरांत मोजलेला कर अशा वर्षी कळपाबरोबर आपोआप घटतो.

उत्तर चीनमध्ये गोष्ट निराळी झाली. तिथली शेती मोडून सगळे कुरण करावे, असा सल्ला दरबारात दिला गेला होता. खितान वंशाचा मंत्री येलू चूत्साई याने तो खोडून काढला आणि शेतकरी जिवंत राहिले तर वर्षाला ५ लाख लिआंग (वजनाचे चिनी माप) चांदी, ८० हजार तागे रेशीम आणि ४ लाख शी (धान्य मोजण्याचे चिनी माप) धान्य मिळेल, असे दाखवून दिले. लाखो जीव त्या आकडेमोडीने वाचले असावेत. मात्र एकदा चांदीची चटक लागल्यावर दरबाराची भूक वाढतच गेली. १२३९ मध्ये अब्दुर रहमान नावाच्या व्यापाऱ्याने वसुलीचा मक्ता घेतला आणि चांदीच्या २२ हजार लगडींचे उत्पन्न ४४ हजारांवर नेण्याचे कबूल केले. शेतकऱ्याच्या शेतात चांदी उगवत नव्हती, म्हणून कर भरण्यासाठी तो व्यापाऱ्यांकडूनच कर्ज काढी. ते कर्ज वर्षात दुप्पट होई. या व्याजाला लोक ‘मेंढी-कोकराचे व्याज’ म्हणत, कारण मेंढीला कोकरू व्हावे तशी मुद्दलाला तेवढ्याच व्याजाची वीण होई. अखेर १२४० मध्ये ७६ हजार लगडींची थकबाकी सरकारी खजिन्यातून फेडावी लागली आणि दामदुप्पट झाली की व्याज थांबलेच पाहिजे, असा हुकूम निघाला.

पुढे चीनवर आणि मंगोलियावर राज्य करणाऱ्या मांचूंच्या चिंग राजवटीत हेच दुखणे खुद्द मंगोलियाच्या कुरणांवर आले. ‘दा शेंग ख्वेई’सारख्या चिनी पेढ्या चहाच्या विटा, कापड आणि धान्य उधारीवर देत. चहाची वीट तर नाण्यासारखीच चाले. कर्ज काढी सरदार, आणि ते फेडण्यासाठी मेंढ्या नि लोकर द्यावी लागे त्याच्या ‘होशून’मधल्या, म्हणजे त्याच्या अखत्यारीतल्या मुलखातल्या, सर्व पशुपालकांना. झुडाने कळप निम्मा झाला तरी खातेवहीतला आकडा तसाच राही. १९११ मध्ये मंगोलियाने चिंग सत्ता झुगारली, त्यामागे या कर्जांची चीड फार मोठी होती, आणि तिचे वर्णन केवळ राष्ट्रवाद म्हणून करणे मला अपुरे वाटते.

त्यामुळेच २०२० चा कायदा मी बारकाईने वाचला. त्यानुसार २०२१ पासून मंगोलियात दर जनावरामागे पुन्हा कर आला. दर ० ते २००० तुग्रिक (मंगोलियाचे चलन), आणि तो ठरवायचा अधिकार स्थानिक प्रतिनिधींकडे. कर जनावरांच्या डोक्यावर असला तरी भरायचा पैशात. शिवाय देशभरातली जनावरांची मोजणी दर डिसेंबरात होते आणि झुडाचा खरा घाव बसतो तो त्यानंतर, वसंत उजाडेपर्यंतच्या महिन्यांत. २००९-१० च्या हिवाळ्यात देशातले सुमारे पाचपैकी एक जनावर असेच गेले. अशा वर्षी वहीतला कळप आणि कुरणावरचा कळप यांत जे अंतर पडते, ते कमी करायला कायद्याने स्थानिक प्रतिनिधींच्या हाती ठेवलेले ते शून्य आहे, आणि दर ठरवण्याच्या बैठकीत ते कोण मागतो, याकडे माझे लक्ष आहे.