रिअ‍ॅक्शन टाइम अपडेट: ते मधले ४० मिलिसेकंद सापडले

मंडळी, माझा रिअ‍ॅक्शन टाइम, म्हणजे काही दिसल्यावर बोट हलायला लागणारा वेळ, दोन टेस्टमध्ये वेगळा का येतो हे मागच्या वेळेपासून डोकं खात होतं, ते शेवटी सुटलं. ब्राउझर टेस्टवर (स्क्रीनचा रंग बदलला की माऊस क्लिक करायचा) माझा मीडियन, म्हणजे सगळ्या प्रयत्नांमधला मधला आकडा, २३० मिलिसेकंदांच्या खाली येतच नव्हता, झोप पूर्ण झालेली असो, चहा झालेला असो, आकडा तिथेच. आणि वरून सोडलेली पट्टी पकडायच्या टेस्टला मात्र मी १८ सेंटीमीटरवर पकडतोय, म्हणजे १९२ मिलिसेकंद. मग मधले ४० जातात कुठे?

आर्डुइनो ऊनोला (प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) एलईडी आणि बटण जोडलं, दिवा लागला की बटण दाबायचं, मध्ये स्क्रीन नाही की माऊस नाही. बटण नाशिकच्या एमजी रोडवर दुकानात जाऊन दाबून बघून घेतलं, ऑनलाइन किटमधली ती चिमुकली बटणं मला अजिबात पटत नाहीत, कडेला दाबलं की लागतील याची खात्री नसते. कोडमध्ये पहिला कॉन्टॅक्ट झाला की वेळ धरायची, नंतरचा बाउन्स, म्हणजे दाबल्यावर कॉन्टॅक्ट थरथरून परत परत लागतो तो, सोडून द्यायचा. मीडियन आला १९१! पट्टीशी जुळला! खूप भारी वाटलं.

आता हिशोब बघा. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर नवीन चित्र, म्हणजे फ्रेम, दर १६.७ मिलिसेकंदांनी येते, म्हणजे रंग बदलायचा तर पुढच्या फ्रेमची वाट बघण्यात सरासरी ८ गेले, फ्रेम वरून खाली रंगत येते म्हणून स्क्रीनच्या मध्यापर्यंत अजून ८, त्यात विंडोज एखादी फ्रेम अडवून ठेवतं, आणि १२५ हर्ट्झचा (सेकंदाला १२५ वेळा कॉम्प्युटरला कळवणारा) साधा माऊस सरासरी ४ खातो. उरलेले मॉनिटरच्या आतल्या प्रोसेसिंगचे असावेत असा माझा संशय. नुसती नजर स्क्रीनच्या वरच्या कडेला ठेवली तर ६-७ कमी झाले, करून बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेणार होतो तो बेत रद्द, त्याने स्कोअर सुधारेल, मी नाही.

थंडीचं पण लिहून ठेवतो, सध्या नाशिकला सकाळी बोटं गारठलेली असतात आणि आकडा सरळ वर जातो, त्यामुळे आधी कोमट पाण्यात हात धरतो आणि मगच सेशन. १०० मिलिसेकंदांच्या आतले सगळे प्रयत्न बाद, अ‍ॅथलेटिक्सच्या फॉल्स स्टार्टसारखं, कारण तो अंदाज असतो, रिअ‍ॅक्शन नाही.

पुढे बझर लावणार होतो, आवाजाला आपण ३०-४० नी फास्ट असतो ते मोजायला. पण हे लिहिताना डेटा परत उघडला तर वेगळंच दिसलं. एलईडी २ ते ५ सेकंदांत कधीही लागतो, आणि उशिरा लागलेले सगळे प्रयत्न जास्त फास्ट आहेत! जितका वेळ दिवा लागत नाही तितकं मन म्हणतं आता लागणारच, आणि बोट आधीच तयार होतं. म्हणजे १९१ मध्ये पण थोडा अंदाज मिसळलेला आहे. तेव्हा बझर नंतर, आधी वाट बघायची वेळ एक्स्पोनेन्शियल करतो, म्हणजे प्रत्येक क्षणी दिवा लागायची शक्यता सारखीच राहील. ज्यांच्याकडे असा एलईडी-बटणाचा बॉक्स आहे त्यांनी प्रत्येक प्रयत्नाची वेटिंगची वेळ पण लॉग करा आणि इथे टाका, मला तुमचे ग्राफ बघायचेत.