हतनूर मिथेन मॉडेल, नोंद ३: पाण्याचं क्षेत्र

हतनूर हे भुसावळजवळचं तापीवरचं धरण; त्याच्या पाणथळीतून किती मिथेन सुटतो ते हे मॉडेल काढतं. सूत्र आधीच्या नोंदींतलंच: उत्सर्जन = स्थिरांक × पाण्याखालचं क्षेत्र × गाळातला कार्बन × क्यू१० चा तापमान-घटक. क्यू१०, म्हणजे तापमान १० अंशांनी वाढल्यावर उत्सर्जन किती पट होतं तो आकडा, या खेपेला २ वरच ठेवलाय. सगळी मेहनत क्षेत्रावर, कारण घोळ तिथेच होतो.

जागतिक मॉडेलं पाऊस आणि भूजल पातळीवरून ओली जमीन काढतात. हतनूरला ते चालत नाही. तापी फुगते बऱ्हाणपूरकडच्या पावसाने, पूर्णा अकोला-बुलढाण्याकडच्या. भुसावळात ऊन असलं तरी इथे पूर असू शकतो. शिवाय ऐन पुरात ४१ दरवाजे उघडतात आणि साठा भरतो तो पावसाळा सरताना. पावसावर चालणारं मॉडेल ऑगस्टात शिखर दाखवतं; फुगवट्याचं खरं क्षेत्र दिल्यावर ते पुढे सरकतं.

क्षेत्रासाठी सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार घेतलं, ढगांची अडचण नाही. व्हीव्ही ध्रुवणात (लहर उभी पाठवून उभीच टिपायची) परतलेला सिग्नल उणे १७ डेसिबलखाली असेल ते पाणी. पण पाणकणीस दाट असेल तिथे लहर पाण्यावरून खोडांवर आपटून परत येते, जागा उजळ दिसते आणि कोरडी ठरते. नेमका तिथेच मिथेन जास्त, कारण पोकळ खोडांतून वायू थेट हवेत जातो, वरच्या पाण्यात त्याचं ऑक्सिडेशन होत नाही. ही कड हाताने आखावी, पर्याय नाही.

उलटी चूक गाळपेर जमिनीत होते. पाणी ओसरलं की तिथे पेरणी होते, पण ओलाव्याचा उंबरठा सैल असेल तर भिजवलेला गहूही पाणथळ ठरतो. पाणी हटलेला पिक्सेल लगेच शून्य करावा. काळ्या मातीला भेगा पडून हवा आत शिरते आणि मिथेन बनणं थांबतं. पुन्हा बुडाल्यावर मात्र लगेच चालू करू नये. जिवाणू आधी नायट्रेट, लोह, सल्फेट वापरून संपवतात, मगच मिथेन बनतो. सध्या १४ दिवसांचा विलंब धरलाय.

तापमान हवेचं घेऊ नका. ४५ अंश टाकले तर २५ अंशांच्या चौपट आकडा येतो, आणि मे महिन्यात बुडालेला गाळ एवढा तापत नाही. पाण्याखालच्या गाळाचंच तापमान हवं.

एककं तपासायला सोपं: दर चौरस मीटरला दिवसाला १ मिलिग्रॅम, म्हणजे दर चौरस किलोमीटरला १ किलो. आकडा मिथेनऐवजी त्यातल्या कार्बनच्या वजनात असेल तर १.३३ ने गुणायचं.

पुढच्या नोंदीत बुडबुडे. पातळी उतरताना गाळावरचा दाब घटतो आणि अडकलेला वायू एकदम सुटतो. त्यासाठी धरणाची रोजची पातळी जोडायची आहे.