जावयाच्या नावाचा क्लोव्हर

एप्रिलमधली ग्रीसच्या क्रीट बेटावरची टेकडी. काटेरी झुडपं, रानटी थाइम आणि मधल्या मोकळ्या खडकाळ जागेत एक मीटरच्या चौकटी टाकून आम्ही वर्षायू वनस्पती मोजत होतो. अशा झुडपी माळाला तिथे फ्रिगाना म्हणतात. पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे या रोपांना मेपर्यंत फुलून, बी टाकून मरायचं असतं. घाई आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त.

एका चौकटीत जमिनीला चिकटून पसरलेला केसाळ क्लोव्हर सापडला. क्लोव्हर म्हणजे तीन-तीन पर्णिकांची (छोट्या पानांची) पानं असलेलं रोप. मी बेधडक 'हिर्टम' या जातीचं नाव लिहिलं. कॅलिफोर्नियात शिकताना कुरणांत हिर्टम भरपूर पाहिला होता. तिथे तो चाऱ्यासाठी मुद्दाम नेऊन पेरलाय. अकरा पाकिटं भरून झाल्यावर आमच्या ग्रीक मार्गदर्शक बाईंनी भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "पाकळ्या शोध." शोधाव्याच लागल्या! फिकट पाकळ्या निदलपुंजाच्या, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या हिरव्या वेष्टनाच्या, केसांतून जेमतेम डोकावत होत्या. हिर्टमच्या गुलाबी पाकळ्या चांगल्या वर येतात. पर्णिकांनाही टोकाला खाच होती. हा क्लोव्हरच, पण वेगळ्या जातीचा: ट्रायफोलियम चेरलेरी.

संध्याकाळी नव्या चिठ्ठ्या केल्या. 'चेरलेरी' हे नाव चेरलर या आडनावावरून आलंय; त्याच्या शेवटी मी इंग्रजी लिपीत दोन 'आय' घातले. व्यंजनान्त आडनावाला दोन लागतात, एवढं पाठ होतं. बाईंनी पुन्हा पेन्सिल उचलली. आडनाव '-अर'ने संपलं, तर नामकरणाच्या नियमांनुसार एकच 'आय'. एका दिवसात दुसऱ्यांदा चूक, तीही त्याच रोपावर.

मग हा चेरलर कोण ते शोधलं. योहान बौहिन या वनस्पतिशास्त्रज्ञाचा जावई. सासरे-जावयांनी मिळून वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ लिहिला, पण तो छापून आला १६५०-५१ मध्ये, दोघंही गेल्यावर. योहान आणि त्याचा भाऊ गास्पार यांच्या नावाने बौहिनिया ही प्रजाती आहे. एकाच देठावर दोन जुळे भाग असलेलं पान वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसला या भावांच्या जोडीसाठी शोभून दिसलं. म्हणजे आपला आपटा! दसऱ्याला आपण सोनं म्हणून वाटतो ती पानं.

रात्री हे सगळं आईला फोनवर सांगितलं.

"सासऱ्याला आपटा आणि जावयाला गवत?" आई म्हणाली. "शोभतं का?"

आल्प्समध्ये उशीसारखी वाढणारी चेरलेरिया नावाची अख्खी प्रजातीही त्याच्याच नावाची आहे, असं सांगितल्यावर ती जरा शांत झाली.

"मग ठीक आहे. जेवलीस का?"

अकरा चिठ्ठ्या अजून खोडायच्या होत्या.