तुम्ही विचारलंत म्हणून: मुलगी थाई आहे, मग बापाला व्हिसा कशाला?

चिंचवडला गेलो की जेवताना, इथे थायलंडमधल्या सी राचातल्या मराठी घरांत गणपतीच्या आरतीनंतर, आणि हल्ली तर ओळखदेख नसलेल्यांच्या निरोपांतही एकच प्रश्न येतो. मुलगी थाई आहे ना तुमची, मग दरवर्षी कागदांचा गठ्ठा घेऊन इमिग्रेशनच्या दारात का उभं राहता? आणि त्याला जोडून, आवाज जरा खाली आणून, दुसरा प्रश्न: तिच्या आईशी लग्नच का नाही केलंत, सगळं सुटलं असतं. दोन्हींची उत्तरं मी आजवर तुकड्यातुकड्यांनी दिली. आज सलग देतो.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. मुलीला थाई नागरिकत्व आईकडून मिळालं, ते तिचं आहे. त्यातून मला अर्ज करता येतो, एवढंच. 'नॉन-इमिग्रंट ओ' नावाचा व्हिसा, त्यावर आधी ९० दिवस, आणि पुढे थाई मुलीचा पालक म्हणून एकेका वर्षाची मुदतवाढ. फी १,९०० बाथ. माझ्या एकट्याच्या नावावर थाई बँकेत ४,००,००० बाथ, म्हणजे १० लाख रुपयांच्या वर, अर्जाच्या आधी दोन महिने पडून असले पाहिजेत. नाहीतर महिना ४०,००० बाथ उत्पन्नाचे कागद. मुलगी २० वर्षांच्या आतली हवी आणि माझ्याबरोबर राहणारी हवी. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. शिक्का लगेच मिळत नाही, आधी 'विचाराधीन' असा महिनाभराचा मिळतो, मधल्या काळात अधिकारी घरी येऊन बघूनही जातात. मग वर्षाचा.

हे सगळं मला मान्य आहे. ते तसं कोणालाच पटत नाही, म्हणून पुन्हा लिहितो: मान्य आहे. परक्या देशात राहतो, त्यांनी विचारावं, मी दाखवावं. मला लागलं ते वेगळंच, आणि ते घडलं २०१९ साली.

मी पिंपरीहून रयोंगला आलो तो गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, क्वालिटीच्या कामावर, २०११ मध्ये. व्हिसा नोकरीचा, वर्क परमिट कंपनीचं. तिथे तिची आई भेटली. मुलगी २०१४ ची. पुढे आम्ही दोघं वेगळे झालो, भांडण न करता. तिला बँकॉकला चांगली नोकरी लागली, मुलीची बालवाडी इथे होती, म्हणून मुलगी माझ्याकडे आणि सुट्टीत आईकडे. हे सगळं बिनबोभाट चाललं होतं. २०१९ मध्ये कारखान्यानं एक लाइन बंद केली आणि माझी नोकरी गेली. नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांना माहीत असतं, मलाही माहीत होतं, पण स्वतःवर येईपर्यंत ते अंगाला लागत नाही: ज्या दिवशी नोकरी संपते त्याच दिवशी राहण्याची परवानगीही संपते. मागून फार तर सात दिवस मिळतात. पाच वर्षांची मुलगी घरात, तिची शाळा चालू, आणि मला सात दिवसांत देशाबाहेर जायचं होतं.

मी जन्मदाखला घेऊन गेलो. त्यावर वडील म्हणून माझं नाव थाई अक्षरांत स्वच्छ टाइप केलेलं आहे. काउंटरवरच्या बाईंनी तो नीट वाचला आणि विचारलं, लग्नाची नोंद आहे का? नाही म्हटल्यावर त्यांनी दाखला माझ्याकडे वळवला आणि शांतपणे सांगितलं की मग तुम्ही कायद्यानं तिचे वडील नाही.

इथल्या दिवाणी कायद्याचं १५४६ वं कलम असं आहे की लग्न न झालेल्या बाईचं मूल हे तिचं एकटीचं औरस मूल. जन्मदाखल्यावर बापाचं नाव आहे म्हणून तो बाप होत नाही. आई परदेशी असती तर तिला यातलं काहीच करावं लागलं नसतं, जन्म दिला की ती आई. बापाला तीन वाटा: मुलाच्या आईशी नंतर लग्न करणं, तालुका कचेरीत औरसपणाची नोंद करणं, किंवा कोर्टाचा निकाल आणणं. मधल्या वाटेला आईची संमती लागते, आणि मुलाचीही.

आईची संमती होती. ती बँकॉकहून रजा काढून आली. आम्ही तिघं तालुका कचेरीत गेलो. निबंधक पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला, स्वभावानं प्रेमळ असावेत, कारण त्यांनी टेबलावरून वाकून मुलीला तिच्या बाहुलीचं नाव विचारलं. ते तिनं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, हे तुझे वडील व्हावेत, असं तुला वाटतं का? तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला प्रश्नच कळला नाही. आहेत त्यांनी व्हावं का, याचा अर्थ पाच वर्षांच्या पोरीला काय लागणार? तिनं तोंड आईच्या कुशीत घातलं. निबंधकांनी थोडा वेळ वाट पाहिली, पुन्हा विचारलं, आणि मग म्हणाले की संमती द्यायला ती लहान आहे, मला नोंद करता येणार नाही, तुम्ही कोर्टात जा.

माझी चूक नाही, तिच्या आईची नाही, निबंधकांचीही नाही. तरी त्या खोलीत मला वाटलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मला मुलीचा राग आला. क्षणभरच, पण आला. 'हो' म्हणायला काय झालं होतं?

कोर्टाचं प्रकरण चालू असताना मी शेजारच्या लाओसमधल्या विएंतियानला जाऊन टुरिस्ट व्हिसा आणून राहत होतो. सीमेवरचा नोंग खायचा पूल ओलांडायचा, थाई दूतावासात पासपोर्ट द्यायचा, दुसऱ्या दिवशी घ्यायचा, परत यायचं. त्या काळात मुलगी शेजारच्या आजींकडे असायची. शाळेच्या फॉर्मवर मी पालक, सीमेवर पर्यटक.

वकिलांनी पुरावे मागितले. मूल तुमच्याजवळ वाढतंय हे दाखवणारं काहीही. शाळेच्या फीच्या पावत्या होत्या. लसीकरणाचं गुलाबी पुस्तक होतं, त्यात तारखा बौद्ध सनात, २५५७ पासूनच्या. आणि फोटो मागितले, दोघांचे एकत्र. मी लॅपटॉप उघडला आणि रात्रभर बसलो. हजारो फोटो होते. बांगसेनच्या समुद्रावर ती, पाळण्यात ती, सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या दिवशी पाण्यानं निथळणारी ती, तापात कपाळावर ओली पट्टी असलेली ती. मी जवळपास कुठेच नव्हतो, कारण सगळे मीच काढलेले. एका फोटोत तिला भात भरवणारा माझा हात होता, मनगटापर्यंत. मी तोही छापून घेतला.

मग बालकांच्या विभागातल्या अधिकारी मुलीशी एकट्या बोलल्या. कोर्टाला त्यांचा अहवाल लागतो. मी बाहेर बाकावर. दाराला काच होती, दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. मुलगी रंगीत खडू घेऊन चित्र काढत होती आणि मान न उचलता उत्तरं देत होती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. तिनं काय सांगितलं ते मला नंतर वकिलांनी अहवालातून वाचून दाखवलं: सकाळी वेणी कोण घालतं, बाबा, वेणी दुखते का, हो, दुखते, रात्री भीती वाटली तर कोणाला हाक मारतेस, बाबांना, पण आई असली तर आईला. ह्यातलं एकही उत्तर मी पढवलेलं नव्हतं. वकिलांनी पढवू नका असं बजावलं होतं, पण त्यांनी बजावलं नसतं तर मी पढवलं असतं का? मला खरंच सांगता येत नाही.

न्यायाधीशांनी तिच्या आईला विचारलं, तुमची हरकत नाही ना. तिनं सांगितलं, नाही. निकाल लागला. अपिलाची एक महिन्याची मुदत संपू द्यायची, निकाल अंतिम झाल्याचा दाखला घ्यायचा, तो घेऊन पुन्हा त्याच तालुका कचेरीत. त्याच निबंधकांनी नोंद केली. मग २,००० बाथ भरून टुरिस्टचा ओ झाला, आणि तिथून पुढे वर्षं.

आता लग्नाचं. तुम्ही म्हणता ते कायद्यानं खरं आहे. आईवडिलांनी नंतर लग्न नोंदवलं की मूल आपोआप औरस होतं, त्याला कोणी काही विचारत नाही. एका सकाळचं काम होतं. तिची आई तयारही झाली असती, तिनं तसं एकदा सुचवलंही. मी नको म्हटलं. तेव्हाचा मी म्हणत होतो की संपलेल्या नात्यावर शिक्क्यासाठी सही घ्यायची नाही, उद्या तिला दुसरं लग्न करायचं असेल तर तिला माझ्यामुळे घटस्फोटाचे कागद कशाला? आजही मला ते बरोबर वाटतं. पण त्याच्याशी मी भांडतोही. तू तत्त्व सांभाळलंस आणि पाच वर्षांच्या पोरीला काचेमागच्या खोलीत पाठवलंस, असं मी त्याला म्हणतो. तो म्हणतो, त्यामुळेच आज तुझं बापपण कोणाच्या लग्नावर टांगलेलं नाही. दोघांचंही मला पटतं आणि हा वाद मिटलेला नाही.

दुसरे व्हिसा का नाही, हेही विचारता. २०२४ पासूनचा नवा डीटीव्ही, म्हणजे 'डेस्टिनेशन थायलंड व्हिसा', ५ वर्षांचा आहे, ५,००,००० बाथ दाखवा, दर प्रवेशाला १८० दिवस. बाहेरच्या देशातलं काम लॅपटॉपवर करणाऱ्याला तो उत्तम. मी कारखान्यात काम करतो, मला थाई कंपनीचा पगार लागतो, तो त्यावर चालत नाही. पैसेवाल्यांचे लाखो बाथचे सदस्यत्वाचे व्हिसा आहेत, ते माझ्यासाठी नाहीत. आणि नोकरीचा? आज मला नोकरी आहे, वर्क परमिटही आहे, तरी मी मुद्दाम मुलीच्याच आधारावर राहतो. ह्या ओ व्हिसावर काम करता येतं आणि नोकरी गेली तरी राहणं जात नाही. २०१९ नंतर मला ह्यापेक्षा महत्त्वाचं काही वाटत नाही. शिवाय फॉर्मवर एक रकाना असतो, मुक्कामाचं कारण. त्यात 'थाई मुलीचं संगोपन' लिहिताना मला बरं वाटतं.

'मुलीला घेऊन पुण्यालाच ये' म्हणणाऱ्यांनाही सांगतो. तिचं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड, काढता येतं, मला माहीत आहे. तिची आई इथे आहे. जी माझ्यासाठी रजा काढून दोनदा कचेरीत उभी राहिली, तिच्यापासून मी मुलगी तोडणार नाही. ह्यावर मला चर्चा नको आहे.

ज्यांची परिस्थिती माझ्यासारखी आहे त्यांना एवढंच: लग्न झालेलं नसेल तर जन्मदाखल्यावरच्या नावावर विसंबू नका. नोकरी शाबूत असताना, मुलाच्या आईशी संबंध चांगले असताना कोर्टाचं काम उरकून घ्या. निबंधक साधारण सात वर्षांच्या आतल्या मुलाची संमती घेत नाहीत, तोवर थांबू नका. आणि वर्षाचा शिक्का असताना भारतात जाताना री-एन्ट्री परमिट विसरू नका, एका वेळचं १,००० बाथ, हव्या तितक्या वेळांचं ३,८००. ते न घेता बाहेर पडलात तर वर्ष तिथेच संपतं. वडील गेले त्या रात्री मी सुवर्णभूमी विमानतळावरच्या काउंटरवर रांगेत उभा राहून ते घेतलं. विमान सुटेल म्हणून जीव जात होता, पण घेतलं.

मुलगी २० वर्षांची झाली की हा आधार जाईल. तेव्हा मी पन्नाशीपार असेन, निवृत्तीची मुदतवाढ मिळेल, त्याला ८,००,००० बाथ. किंवा त्याआधी कायम निवासाचा अर्ज. सलग तीन वर्षांच्या मुदतवाढी माझ्याकडे आहेत, थाई बोलता येतं, एका देशाच्या १०० जणांनाच वर्षाला मिळतो पण प्रयत्न करता येईल. मी अजून केलेला नाही. माझ्या आईशी फोनवर तो विषय एकदा निघाला. ती म्हणाली, म्हणजे तू आता येणार नाहीस. मी म्हटलं, आई, तो मिळाला तरी पासपोर्ट भारताचाच राहतो. ती म्हणाली, मी पासपोर्टचं विचारत नव्हते.